यादीतलं नाव : कुटुंब

अहो,

तेरावा झाला. श्रीरंगला कॅनडाला परत जाऊन पाच दिवस झाले. जाताना म्हणाला, "आई, बाबांबद्दल काहीतरी लिहून ठेव. मुक्ता-ईशानला आपले आजोबा कळायला हवेत." मुलगा तुमच्यावरच गेला आहे. हवं ते सांगतो आणि उत्तराला थांबत नाही. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. आज सकाळी तुमच्या टेबलापाशी कागद घेऊन बसले तेव्हा लक्षात आलं की मुलांना तुमच्याबद्दल सांगण्याआधी मला तुम्हालाच काही सांगायचं आहे. मुलांनी ते वाचावं. तुम्हीही ऐका. या वेळी मध्येच उठून जायची सोय तुम्हाला नाही.

तुमचा जन्म, शिक्षण, नोकरी, निवृत्ती हे सगळं श्रीरंगने छापून घेतलेल्या कार्डावर आहे. ते मी पुन्हा लिहीत नाही. त्या कार्डावर तुमच्या नावाआधी 'प्रेमळ' असं विशेषण आहे. छापायला जाण्याआधी कार्ड माझ्याकडे तपासायला आलं होतं. मी दोन वेलांट्या सुधारल्या आणि विशेषण तसंच राहू दिलं. आज राहू दिलं नसतं.

मुलं वाचणार आहेत म्हणून एक नियम करते. जिथे तुमची ती इंग्रजी आद्याक्षरं येतील तिथे मी त्यांचं पूर्ण रूप लिहीन आणि अर्थही सांगेन. हे काम सेहेचाळीस वर्षांत तुम्ही कधी केलं नाहीत.

विद्यापीठाच्या संगणक केंद्रातून तुम्ही दुपारी जेवायला घरी यायचात आणि पहिला घास घेण्याआधीच म्हणायचात, "आज डीएनएस बसलं."

"बसलं म्हणजे? कोण बसलं?"

"अगं, डीएनएस."

"ते ऐकलं. डीएनएस म्हणजे काय?"

"आमटी वाढ."

डीएनएस म्हणजे डोमेन नेम सिस्टिम. माणसाच्या लक्षात नाव राहतं आणि यंत्राला आकडे लागतात. नाव सांगितलं की त्याचे आकडे शोधून देणारी ही व्यवस्था. बनारसला ब्रह्मा घाटाच्या आपल्या गल्लीत घराचा नंबर विचाराल तर कुणालाही सांगता येणार नाही, पण 'कंप्यूटरवाले मराठी गुरुजी' एवढं म्हटलं की कोपऱ्यावरचा पानवाला पाहुण्याला थेट दाराशी आणून सोडतो. तो पानवाला म्हणजे डीएनएस. ही व्याख्या मी पुस्तकातून मिळवली आणि पानवाला माझा मी शोधला. तुम्ही आमटी ओरपत होतात.

तेव्हाच मी वही केली. निळ्या पुठ्ठ्याची, इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने, प्रत्येक अक्षराला दोन पानं. तुमच्या तोंडून पडलेली अक्षरं डावीकडे लिहायची, उजवीकडची जागा कोरी ठेवायची, आणि शाळेच्या ग्रंथालयात जाऊन ती भरायची. सीपीयू, सेंट्रल प्रोसेसिंग युनिट, म्हणजे यंत्राचा मेंदू. रॅम, रँडम ॲक्सेस मेमरी, म्हणजे वीज जाताच जे सगळं विसरते ते. रॉम, रीड ओन्ली मेमरी, म्हणजे जे वाचता येतं पण बदलता येत नाही. या शेवटच्या शब्दापुढे मी कंसात तुमचं नाव लिहिणार होते. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून राहिलं.

वही पाहून तुम्ही हसलात. "फुल फॉर्म परीक्षेला लागतात," म्हणालात. "कामाला, वस्तू करते काय, ते लागतं. रॅमचा फुल फॉर्म पाठ असलेली शंभर माणसं आण. नव्व्याण्णवांना यंत्र चालू करता येणार नाही." मी म्हटलं, "ज्याला शब्द पुरता सांगता येत नाही, त्याला तो येत नाही." एकतीस वर्षं मुलींना इंग्रजी शिकवलं मी, हे माझं पहिलं वाक्य असायचं. हे भांडण आपलं कधी मिटलं नाही. तुमचं काही अंशी बरोबर होतं, हे मी आता कबूल करते. किती अंशी, ते पुढे येईल.

वाय-फायचा प्रसंग मुलांना सांगायलाच हवा, कारण तो तुमचा विजय होता आणि मी न्यायाने वागणार आहे. मी निवृत्त झाले त्या दिवशी घरी माझ्या शाळेतल्या सगळ्या बाई आल्या होत्या. कुणीतरी विचारलं, वाय-फाय म्हणजे काय हो? मी लगेच सांगितलं, "वायरलेस फिडेलिटी. बिनतारी निष्ठा." दिवाणखान्याच्या दारातून तुम्ही आत डोकावलात आणि म्हणालात, "त्याला फुल फॉर्मच नाही. नुसतं नाव आहे ते. हाय-फायला जुळेल म्हणून कुणीतरी ठेवलंय. बाईंच्या वहीत चुकीचं आहे." सगळ्या हसल्या. मीही हसले. मग दुसऱ्या दिवशी मी शोधलं, आणि तुमचं खरं निघालं. मी वहीतल्या ओळीवर काट मारली. पण हे तुम्ही मला आदल्या दिवशी सांगू शकला असता. आदल्या आठवड्यात सांगू शकला असता. ती ओळ वहीत सहा वर्षं होती आणि तुम्ही ती वाचली होतीत. तुम्ही माणसं जमायची वाट पाहिलीत.

पण एक सकाळ अशीही होती की ती आठवली तर माझा राग पाच मिनिटं थांबतो. आपण घाटावर फिरायला गेलो होतो. पायऱ्यांवर घाटियांच्या, म्हणजे घाटावरच्या भटजींच्या, छत्र्या उघडल्या होत्या. मी कंटाळून म्हटलं, "डीएचसीपीचं पूर्ण रूप मला पाठ आहे. डायनॅमिक होस्ट कॉन्फिगरेशन प्रोटोकॉल. पण अर्थ कळत नाही." तुम्ही चक्क थांबलात. समोरच्या छत्रीकडे बोट केलंत.

"तो घाटिया बघ. यात्रेकरू आला की तो त्याला छत्रीखाली जागा देतो. कपडे इथे ठेवा, इथे बसा. यात्रेकरूला जागा शोधावी लागत नाही. आंघोळ झाली, टिळा झाला, तो गेला, की तीच जागा दुसऱ्याला. जागा कायमची कुणाचीच नाही, तेवढ्यापुरती. डीएचसीपी म्हणजे तो घाटिया. तो देतो ती जागा म्हणजे आयपी."

"इंटरनेट प्रोटोकॉल ॲड्रेस," मी म्हटलं.

"तेच. आणि मॅक म्हणजे—"

"मीडिया ॲक्सेस कंट्रोल."

"म्हणजे जन्मखूण. जागा रोज बदलेल, पण यंत्राची जन्मखूण कारखान्यातून येते, ती बदलत नाही. यात्रेकरू कुठेही बसू दे, खुणेवरून ओळखता येतो."

इतकं सुंदर कुणी शिकवलं नव्हतं मला. मी तुम्हाला तसं म्हटलंही. तुम्ही लाजलात आणि कचोरी खायला घातलीत. त्या दिवशी मला वाटलं, या माणसाला येतं सगळं, फक्त दर खेपेस देत नाही. ती जन्मखुणेची गोष्ट तुम्ही पुढे कशाला वापरलीत, ते मला या महिन्यात कळलं.

आता ते क्रमाने सांगते.

मुक्ता पंधरा-सोळा वर्षांची असताना सुटीत आली आणि जाताना तिचा जुना टॅब मला देऊन गेली. त्यावर तिने माझ्या नावाचं ईमेल खातं काढून दिलं. ते खातं फक्त त्या टॅबवरच होतं, तुमच्या कंप्यूटरवर नव्हतं. म्हणाली, "आजी, हे आपल्या दोघींचं." मला फार अपूर्वाई वाटली. तिने पाठवलेल्या गोष्टी मी माझ्या खोलीत बसून बघायची.

तीन-चार महिन्यांनी तो फोन आला. माझ्या साध्या बटणांच्या फोनवर एक गृहस्थ म्हणाले, "युअर केवायसी हॅज लॅप्स्ड, मॅडम." मी परीक्षा घेतली. "केवायसी म्हणजे काय?" तो चटकन म्हणाला, "नो युअर कस्टमर, मॅडम." पूर्ण रूप बरोबर. क्रियापदही कसं नेमकं, 'लॅप्स्ड'. आपल्या बँकेतली माणसंसुद्धा 'केवायसी खतम हो गया' म्हणतात. मी त्याच्यावर विश्वास ठेवला तो एवढ्यावर. इंग्रजी शुद्ध आहे म्हणजे माणूस शुद्ध आहे, अशी माझी समजूत होती, आणि ती इतक्या वर्षांत कुणी मोडली नव्हती. त्याने माझा ईमेल विचारून टॅबवर पाठवलेलं पान मी उघडलं. मग फोनवर ओटीपी आला, वन-टाइम पासवर्ड, एकदाच वापरायचा परवलीचा आकडा. मी सहापैकी चार आकडे त्याला वाचून दाखवले होते तेवढ्यात तुम्ही न्हाणीघरातून ओल्या डोक्याने आलात, माझ्या हातून फोन ओढलात, बंद केलात आणि भिंतीवरची नेटची वायर उपटलीत.

काही गेलं नाही. तुम्ही वाचवलंत. हे मी तुमच्या तोंडावर कधी म्हटलं नाही, म्हणून आज लिहिते: तुम्ही वाचवलंत.

माझी खात्री होती, आता हा माणूस बोलणार, वहीवरून, पूर्ण रूपांवरून, सगळ्यांसमोर बोलणार. तुम्ही डोकं पुसलंत आणि म्हणालात, "चहा कर." बस. पुढेही एक अक्षर नाही. ना मला, ना श्रीरंगला. मी मनात तुम्हाला हात जोडले. वाटलं, केवढं मोठं मन. संध्याकाळी तुम्ही टेबलापाशी बराच वेळ काही करत बसला होतात. मी विचारलं, काय करताय? म्हणालात, "सेटिंग."

त्या आठवड्यापासून माझ्या खोलीत नेट येईना.

"भिंत," तुम्ही म्हणालात. "चुनार दगडाची तीन हात भिंत. सिग्नल आरपार जाईल कसा?"

"आधी जायचा की."

"आधी नशीब होतं. आता वातावरण."

मी दगडाला शिव्या दिल्या. कपाट सरकवलं. टॅब घेऊन खिडकीत उभी राहिले, पलंगावर उभी राहिले, एकाहत्तराव्या वर्षी. टॅब तुमच्या टेबलाजवळ आणला तर म्हणायचात, "आता यंत्रही जुनं झालंय त्याचं." मला खोटं वाटायचं कारण नव्हतं. त्या विषयातलं तुम्हाला कळत होतं आणि मला फक्त त्याची नावं येत होती.

मग दर रविवारी सकाळी कॅनडाशी बोलणं तुमच्या कंप्यूटरवरून. खुर्चीत तुम्ही, शेजारी स्टुलावर मी. तुम्ही ईशानला गणित विचारायचात, श्रीरंगला हवामान विचारायचात, आणि माझी पाळी आली की पाच मिनिटांत, "चला, आजीला स्क्रीनचा त्रास होतो." मला कसलाही त्रास होत नव्हता. मी चार माणसांत बोलायचं नाही म्हणून गप्प बसायची. एका रविवारी मुक्ताने विचारलं, "आजी, मेल बघितलास?" मला वाटलं, श्रीरंगने तुमच्या पत्त्यावर फोटो पाठवलेत त्याबद्दल बोलते आहे. मी म्हटलं, "बघते हां बाळा." तुम्ही म्हणालात, "दाखवतो हं तिला." दाखवलं काहीच नाहीत. पुढे मुक्ता रविवारी यायची, हात हलवायची आणि जायची. मी स्वतःला समजावलं, मुली मोठ्या झाल्या की अशाच होतात.

तुमच्या चौदाव्याला श्रीरंगने ठरवलं की जाण्याआधी माझा टॅब चालू करून द्यायचा. तो इंजिनिअर आहे, पण पुलांचा. म्हणून त्याने त्याच्या फोनवर मुक्ताला समोर घेतलं आणि तिने तिकडून हुकूम सोडायला सुरुवात केली.

"बाबा, टॅब राउटरच्या अगदी जवळ ने."

"नेला. चिकटवलाय."

"तरी नाही होत? मग भिंतीचा काय संबंध? राउटरचं पान उघड. बाबा, कॅमेरा नीट धर, मला तुझं नाक दिसतंय."

राउटर म्हणजे बाहेरचं नेट घरातल्या यंत्रांना वाटून देणारी ती डबी. तिचं स्वतःचं एक पान असतं. तिथे सगळी तुमचीच प्रजा होती: एसएसआयडी, सर्व्हिस सेट आयडेंटिफायर, म्हणजे घरच्या जाळ्याचं नाव. लॅन, लोकल एरिया नेटवर्क, म्हणजे घरातल्या घरातलं जाळं. वॅन, वाइड एरिया नेटवर्क, म्हणजे बाहेरचं. मी एकेक वाचत होते आणि मला, खरं सांगते, अभिमान वाटत होता, की मला सगळी येतात. मग मुक्ता म्हणाली, "मॅक फिल्टरवर जा."

तिथे एक यादी होती. यादीत एकच ओळ. आधी बारा अक्षर-आकड्यांची ती जन्मखूण. तिच्यापुढे तुम्ही स्वतःच्या हाताने टाइप केलेलं नाव, रोमन लिपीत: कुटुंब. आणि त्यापुढे एक शब्द, ज्याला कसलंही पूर्ण रूप लागत नाही, जो मी पाचवीच्या मुलींना शिकवला आहे. डिनाय.

मुक्ता आधी बोलली.

"कुटुंब म्हणजे फॅमिली ना? आजोबांनी फॅमिलीला डिनाय केलं? पण बाबा, तुझा फोन तर चालतोय. वेट, आजी, हा तुझा टॅब आहे."

श्रीरंग खाली बघत म्हणाला, "मुक्ता, जुन्या लोकांत कुटुंब म्हणजे बायको."

हो. विद्यापीठातल्या लोकांना तुम्ही माझी ओळख तशीच करून द्यायचात. "हे आमचं कुटुंब. इंग्रजी शिकवतं." नपुंसकलिंगी. मला ते गमतीचं वाटायचं, थोडं आवडायचंही. पुण्या-नागपुराकडे हा शब्द केव्हाच मेला असेल, इथे आपल्या मराठी घरांत अजून जिवंत आहे. तुम्ही तो त्या डबीत लिहिलात आणि समोर 'डिनाय' निवडलंत.

तुमचं म्हणणं किती अंशी बरोबर, ते इथे आलं. मॅकचं पूर्ण रूप मला पाठ होतं. ते करतं काय, हे मला माहीत असतं तर मी दोन वर्षं दगडाला बोल लावला नसता. घ्या. हा एक मुद्दा तुमचा.

बाकी सगळे माझे. तुम्ही रागावला असतात तर चाललं असतं. "मूर्ख बाई, अक्षरं पाठ करतेस आणि चोराला आकडे वाचून दाखवतेस," असं गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला असतात तर मी रडले असते, भांडले असते, आणि आठ दिवसांत सावध राहायला शिकले असते. शिकणं हाच माझा धंदा होता. "तुझा टॅब मी बंद करतो आहे," एवढं सांगितलं असतंत तरी चाललं असतं. शिक्षा दिलीत आणि ती शिक्षा आहे हे सांगितलं नाहीत. वर मी तुमच्या मोठ्या मनाला मनातल्या मनात नमस्कार करत राहिले. ते नमस्कार मी परत घेते.

श्रीरंगने ती ओळ पुसली. आणि टॅब वाजायला लागला. जाहिराती, सणांच्या शुभेच्छा, आणि त्यांच्यामधून मुक्ताची पत्रं. मुक्ताला तिकडे आवाज ऐकू गेला. तिचा चेहरा एकदम बदलला. "आजी, ते वाचू नकोस आता. जुने आहेत ते," म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

मी वाचली. अकरा होती.

पहिलं असं: "प्रीय आजी, मी हे स्वता लिहीते आहे. बाबा मदत नाही केली. मी मराठी शिकते आहे कारण तू इंग्रजी शिकवत होती तर मी उलटं करते. लाल शाईने तपास आणि परत पाठव." दुसऱ्यात तिच्या शाळेतली मैत्रीण होती. तिसऱ्यात बर्फ. प्रत्येक पत्रात चुका कमी होत गेल्या होत्या. कुणी न तपासता, बघा. सातव्यात 'स्वतः'चा विसर्ग बरोबर आला होता. नववं चार ओळींचं. अकरावं असं: "आजी, तू एकदा पण तपासलं नाहीस. तुला आवडत नसेल तर ठीक आहे. आता मी लिहीत नाही." त्या पत्रात एकही चूक नव्हती.

मी तुम्हाला सांगते, तुम्ही गेलात त्या दिवशी मी रडले नव्हते. लोक म्हणाले, धीराची बाई. त्या अकराव्या पत्रावर मी जी रडले ते ऐकून श्रीरंगला वाटलं, आता बाबांचं दुःख बाहेर आलं. त्याने मला जवळ घेतलं. मी त्याला काही सांगितलं नाही. इथे वाचेलच.

न्याय करायचा म्हणून हेही लिहिते. ती पत्रं तुम्हाला दिसत नव्हती. मूल लिहितंय हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. तुम्हाला भीती वाटली होती, आणि तुमची भीती खोटी नव्हती. पण एकदा मुक्ताने 'मेल' हा शब्द उच्चारला होता. तिने विचारलं मला, उत्तर दिलंत तुम्ही.

अजून एक आहे. डॉक्टरांनी रिपोर्ट दाखवले त्या दिवशी घरी येताना रिक्षात तुम्ही म्हणालात, "टीटीएल." मी सवयीने विचारलं, "म्हणजे?" आणि पहिल्यांदाच तुम्ही पूर्ण सांगितलंत. "टाइम टू लिव्ह. निरोप निघतो तेव्हा त्याच्यावर एक आकडा टाकलेला असतो. प्रत्येक मुक्कामाला एक कमी होतो. शून्य झाला की निरोप तिथेच टाकून देतात. नाहीतर तो जाळ्यात कायमचा भटकत राहील." मी तुमचा हात धरला. गर्दीत रिक्षा अडकली होती, मागून भोंगे वाजत होते, आणि मला वाटत होतं, हा माणूस आता मला सगळंच पूर्ण सांगणार आहे.

मग शेवटच्या आठवड्यात, मी तुमच्या पायांना तेल लावत असताना तुम्ही म्हणालात, "तुझ्या खोलीतल्या नेटचं बघायचं राहिलंय." मी म्हटलं, "राहू दे हो आता. भिंत का पडणार आहे?" तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. पुन्हा म्हणालात, "बघायला हवं होतं." मला तुमची कीव आली, की अशा अवस्थेतही हा माणूस वायरी मोजतो आहे. मी म्हटलं, "पडून राहा."

ती कबुली होती का? गेले कित्येक दिवस मी त्या वाक्याचं व्याकरण सोडवते आहे. 'बघायला हवं होतं.' कर्ता नाही, कर्म नाही. कबुलीला कर्ता लागतो. 'मी केलं' असं म्हणावं लागतं. तुमच्याच भाषेत सांगते. निरोप पाठवायच्या दोन पद्धती असतात. टीसीपी, ट्रान्समिशन कंट्रोल प्रोटोकॉल: यात पाठवणारा पोचपावतीची वाट पाहतो, नाही आली तर पुन्हा पाठवतो. यूडीपी, यूजर डेटाग्राम प्रोटोकॉल: यात पाठवून मोकळं व्हायचं, पोचलं का नाही ते विचारायचं नाही. तुम्ही जन्मभर दुसऱ्या जातीचे होतात. तेव्हाही तसंच केलंत. दोनदा म्हणालात, हे खरं. तिसऱ्यांदा म्हणाला असतात तर कदाचित मी तेलाची वाटी खाली ठेवून विचारलं असतं, "काय हो, काय राहिलंय?" आणि मग आपण भांडलो असतो, शेवटचं, पोटभर, आणि मी मुक्ताला तुम्ही असतानाच उत्तर लिहिलं असतं.

श्रीरंग विमानात बसला त्या सकाळी मी अकराही पत्रं कागदावर उतरवून काढली. टॅबवर लाल शाई कशी करायची मला येत नाही. माझ्या अक्षरात, तिच्या चुकांसकट, आणि मग शिक्षकी लाल पेनाने तपासली. एकही चूक सोडली नाही. दया केली असती तर तिला वाटलं असतं, आजी म्हातारी झाली. अकराव्या पत्राखाली लिहिलं, 'चूक नाही. उशीर माझा.' त्यांचे फोटो काढले. फोटो कसे जोडायचे ते मला येईना, तर तुम्हाला हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटलं. अर्ध्या तासाने जमलं. पाठवलं.

चार दिवस काही आलं नाही. त्या चार दिवसांत मी तुमच्यावर जेवढी चिडले तेवढी सेहेचाळीस वर्षांत चिडले नसेन. तुमचा स्वेटर घडी न घालता तसाच खुर्चीवर फेकून ठेवला होता. ज्यांना मी ठाऊक आहे त्यांना कळेल, याचा अर्थ काय.

आज सकाळी आलं. मी ते इथे जसंच्या तसं उतरवते, कारण ते तुम्हालाही कळलं पाहिजे.

"प्रिय आजी, तुझे सगळे लाल बघितले. खूपच लाल आहे. मी रडले थोडी आणि मग हसले. पण एक मला पटलं नाही. चौथ्या पत्रात मी 'बंदर' लिहिलं, तू खोडून 'माकड' केलंस. वर लिहिलंस, बंदर म्हणजे जहाजं लागतात ते. पण मी तिकडे आले होते तेव्हा तू रोज गच्चीवरून ओरडायचीस, 'बंदर आले, पापड उचला'. आजोबा पण बंदरच म्हणायचे. तुमच्या घरात कोणीच माकड म्हणत नाही. मग माझं चूक कसं? उत्तर लवकर दे. या वेळी लवकर. तुझी मुक्ता."

खरं आहे तिचं. या घरात मी आजवर माकड हा शब्द उच्चारलेला नाही. सेहेचाळीस वर्षं बनारसला राहिल्यावर जिभेवर तेच बसलं, आणि लाल पेन हातात आलं की मी लगेच पुण्याची होते. तुम्ही असतात तर टाळी वाजवली असती. म्हणाला असतात, "पोरीने धरलं बघ तुला."

वाजवा. मला ऐकू येणार नाही.

मी तिला उत्तर लिहायला बसते आहे, माझ्या खोलीत, दार लावून. बंदर बरोबर की माकड, ते आता आम्ही दोघी भांडून ठरवू. तुम्हाला विचारणार नाही.